‘काल-आज-उद्या’चं झाड ओळखायचं कसं

होळीच्या आगेमागे माझ्या फोनवर दरवर्षी तोच फोटो येतो. गर्द हिरव्या पानांचं कमरेएवढं झुडूप, त्यावर जांभळी, फिकट जांभळी आणि पांढरी फुलं एकत्र. खाली प्रश्न ठरलेला, ‘‘काकू, एकाच झाडाला तीन रंग कसे? कलम केलंय का? संध्याकाळी वास फार छान येतो. नाव काय याचं?’’ गेल्या वर्षभरात असे ११ फोटो आले. सात खरोखर त्याच झाडाचे होते. उरलेल्या चारांत दोन दुरांता, एक लसूणवेल आणि एक माझ्या भाचीनं मे महिन्यात न्यू जर्सीहून पाठवलेला लायलॅक.

झाडाचं नाव ब्रुनफेल्सिया. नर्सरीत ‘यस्टरडे-टुडे-टुमॉरो’ म्हणून मागितलं की मिळतं, आणि बागेची आवड असलेली मंडळी त्याला सरळ ‘काल-आज-उद्या’ म्हणतात. मूळचं ब्राझीलकडचं. आपल्या आज्या-पणज्यांच्या परसात ते नव्हतं, म्हणून जाईजुई, कोरांटी ओळखावी तसं ते डोळे मिटून ओळखता येत नाही. ओळखायला शिकावं लागतं. ते अवघड नाही, पण उभ्या उभ्या होत नाही. तीन दिवस लागतात.

साताऱ्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं काम केलं. सकाळी ताजे नमुने आणून टेबलांवर मांडायचे, ब्लेड-सुया काढून ठेवायच्या, हर्बेरियमसाठी दाबलेल्या फांद्यांचे कागद रोज बदलायचे. झाड ओळखायचं तर हातात घ्यावं लागतं, हे मी तिथे शिकले. माझ्या दारातलं झाड आमच्या वन्संनी कोल्हापुराहून आणलेल्या फांदीचं आहे. जून महिन्यात लावलेल्या सहा काड्यांपैकी एक जगली, आणि तिला पहिलं फूल यायला तिसरं वर्ष उजाडलं. पुढे सांगतेय ते बहुतेक त्याच झाडापाशी बसून पाहिलेलं आहे.

सगळ्यात आधी रंग बाजूला ठेवा. जांभळा रंग आपल्याकडच्या कितीतरी झुडपांना आहे आणि फोनच्या कॅमेऱ्यात जांभळ्याचा निळा सहज होतो. फुलाकडे पाहूच नका. एक फांदी हातात धरा आणि पानं काडीला कशी लागलीत ते बघा. एका पेरावर दोन पानं समोरासमोर आहेत, की एक पान इकडे, मग थोडं वर दुसरं तिकडे, अशी एकाआड एक आहेत?

ब्रुनफेल्सियाची पानं एकाआड एक असतात.

एवढ्या एका गोष्टीवर निम्म्याहून जास्त गोंधळ मिटतो. दुरांता, निरगुडी, जांभळी कोरांटी, नर्सरीत मेयेनिया म्हणून मिळणारं गडद जांभळ्या भोंग्यांचं झुडूप, मखमली पानांचा टिबुचिना, लसूणवेल, लायलॅक, आणि कासच्या वाटेवरची कारवीसुद्धा, या सगळ्यांची पानं समोरासमोर असतात. दुरांताचे ते दोन फोटो मी फुलाकडे न बघता बाजूला काढले होते.

एक काळजी मात्र घ्या. ब्रुनफेल्सियाच्या फांदीच्या अगदी शेंड्याला पानं दाटीनं येतात आणि तिथे ती समोरासमोर असल्यासारखी भासतात. वीतभर खाली या. मागच्या वर्षीच्या, जरा करड्या झालेल्या काडीवर पानं किंवा पानं गळून राहिलेल्या खुणा बघा. त्या पायऱ्यांसारख्या वरखाली दिसतील. कॉलेजात मुलं नेहमी शेंडा खुडून आणायची आणि चुकायची. मी त्यांना परत पाठवून हातभर फांदी आणायला लावायची.

पान साधं असतं, म्हणजे निरगुडीसारखं तीन-पाच पर्णिकांत विभागलेलं नसतं. कडा सरळ, दाते नाहीत. वरची बाजू गर्द हिरवी, खालची फिकी. हातात चुरडून वास घ्या. निरगुडी असेल तर वास नाकात चढतो, तिची ओळख पानातच आहे आणि पानाची खालची बाजूही पांढुरकी असते. लसूणवेल असेल तर नावाप्रमाणे लसणाचा वास येईल. ब्रुनफेल्सियाच्या पानाला सांगण्यासारखा वास नाही. पान चुरडल्यावर हात साबणानं धुवा. का, ते पुढे येईल.

आता फूल. एक फूल देठासकट खुडा आणि बाजूनं बघा. लोक फूल नेहमी वरून बघतात, फोटोही वरून काढतात, आणि ओळखीची अर्धी खूण तिथेच हातची जाते. बाजूनं बघितलं की कळतं, खाली हिरवी नळीसारखी निदलांची टोपी, तिच्यातून निघालेली बारीक, किंचित वाकलेली लांब नळी, आणि त्या नळीच्या तोंडाशी एकदम ताटलीसारखा सपाट पसरलेला पाच पाळ्यांचा घेर. पाकळ्या पाच सुट्या वाटतात, पण त्या जोडलेल्या आहेत. हलकेच ओढलं तर सगळं फूल नळीसकट अखंड निघून हातात येतं. पाळ्यांच्या कडा किंचित लहरी असतात आणि एकमेकींवर जराशा चढलेल्या.

वरून बघितलं की ताज्या जांभळ्या फुलात नळीच्या तोंडाभोवती एक पांढरं कडं दिसतं. डोळ्यात काजळ घालावं तसं, फक्त काजळ पांढरं. मेयेनियाच्या फुलाचा घसा पिवळा असतो आणि फूल भोंग्यासारखं हळूहळू रुंद होत जातं. पिवळा घसा दिसला तर ब्रुनफेल्सिया नाही. वांग्याच्या फुलासारखे पिवळे परागकोश मधोमध बाहेर डोकावत असतील तरीही नाही, ते वांग्याच्या जवळच्या नात्यातलं दुसरं शोभेचं झुडूप असणार. तिथे पानं एकाआड एकच असतात, म्हणून पानावरून फसायला होतं. पण ब्रुनफेल्सियाचे पुंकेसर नळीच्या आत लपलेले असतात, बाहेर काही डोकावत नाही.

जांभळ्या कोरांटीचं फूल बघताना त्याच्या बुडाशी बघा. तिथे काटेरी दातांची पानासारखी निदलं असतात, बोटाला टोचतात. दुरांताची फुलं एवढीशी, लोंबत्या तुऱ्यात ओळीनं लागलेली, आणि त्याच तुऱ्यावर पुढे नारिंगी-पिवळ्या मण्यांसारखी फळं. हल्ली मिळणाऱ्या गडद जांभळ्या, पांढऱ्या किनारीच्या दुरांतालाही गोडसर वास असतो, त्यामुळे ‘वासाचं जांभळं झुडूप’ एवढ्याच वर्णनावर लोक तिथे फसतात. लायलॅकच्या फुलाला चारच पाळ्या असतात, पानं बदामाच्या आकाराची. त्याला बहरायला कडाक्याची थंडी लागते, म्हणून साताऱ्या-पुण्याच्या अंगणात लायलॅक आहे असं कुणी म्हणालं तर आधी पाळ्या मोजा. भाचीला मी हेच करायला सांगितलं. तिनं फोनवरच मोजल्या, ‘‘मावशी, चार!’’

इथपर्यंत आलात तर बहुतेक नाव नक्की झालं. तरी मी तीन दिवसांची परीक्षा घेतेच, कारण तीच या झाडाची गंमत आहे आणि त्याच परीक्षेत वासाचाही उलगडा होतो.

लोकरीचा किंवा रंगीत दोऱ्याचा तुकडा घ्या. लाल घ्या, हिरव्यात उठून दिसतो. आज सकाळी जी फुलं नुकती उमललीत, अजून गडद जांभळी आहेत, अशी चार-पाच फुलं निवडून त्यांच्या देठाला दोरा सैलसा बांधा. गाठ आवळू नका. पानांच्या बेचक्यात एक कागदाची चिठ्ठी खोचून तिच्यावर तारीख लिहा. मग तीन दिवस रोज एकाच वेळी, ऊन चढायच्या आत, त्याच फुलांचा फोटो काढा. पहिल्या दिवशी जांभळं. दुसऱ्या दिवशी पातळ, पाण्यात धुतल्यासारखं फिकट जांभळं. तिसऱ्या दिवशी पांढरं. उन्हाळा कडक असेल तर हे लवकर उरकतं, गार हवेत एखादा दिवस जास्त लागतो. पण क्रम बदलत नाही. झाडावर तीन रंगांची फुलं नाहीत, तीन वयांची फुलं आहेत. कलमाचा प्रश्नच येत नाही.

हे कसं होतं? जांभळाचा, वांग्याच्या सालीचा, लाल कोबीचा जो रंग असतो तो अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा. बहुतेक फुलांत ते पाकळी सुकेपर्यंत टिकतं. ब्रुनफेल्सियाची पाकळी जिवंत, टवटवीत असतानाच आपला हा रंग स्वतः मोडून टाकते. म्हणून पांढरं झालेलं फूल कोमेजलेलं नसतं. बोटानं दाबून बघा, जांभळ्याइतकंच घट्ट लागेल. दोरा बांधलेल्या फुलाची रुंदी रोज पट्टीनं मोजलीत तर आणखी एक गोष्ट हाती येते. उमलल्यानंतरही पाकळी वाढत राहते, पांढरं फूल जांभळ्यापेक्षा थोडं मोठं भरतं.

आणि आता वास. याच ठिकाणी सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून जरा थांबून सांगते. माणूस झाडापाशी जातो, नजर जाते ती सगळ्यात गडद, ताज्या फुलाकडे, ते खुडून नाकाशी नेतो आणि म्हणतो, ‘‘वास नाही. हे दुसरं झाड दिसतंय.’’ मीही बरीच वर्षं तेच करत होते. या झाडात रंग उतरत जातो तसा वास वाढत जातो. शास्त्रज्ञांनी पाकळ्यांतली रसायनं मोजून हे दाखवलंय. रंग मोडत असतानाच सुगंधाची द्रव्यं जास्त तयार होऊ लागतात. तेव्हा हुंगायचं ते पांढरं फूल. फिकट हुंगा, मग पांढरं हुंगा, आणि मधे नाक ताजं करायला आपल्याच मनगटाचा वास घ्या. फरक कळतो.

वेळही महत्त्वाची. भर दुपारी साताऱ्याच्या उन्हात काही हाती लागत नाही. माझ्या झाडाचा वास दिवेलागणीला सुटतो. मी तुळशीपाशी दिवा लावून वळते तेव्हा तो येतो. जाईपेक्षा जरा जड, रातराणीपेक्षा कितीतरी हलका, डोकं न धरणारा. जातीजातीत वास कमीजास्त असतो, तेव्हा मंद वास आला म्हणून झाड नाकारू नका, आणि घमघमाट आला म्हणून पान न बघता स्वीकारूही नका.

रातराणीचं नाव आलंच आहे तर सांगते, ती याच्या कुळातलीच. धोतरा, वांगं, टोमॅटो, मिरची, तंबाखू, पेटुनिया ही सगळी एकाच कुळातली. रातराणीच्या फुलाची ती हिरवट बारीक नळी आठवा आणि ब्रुनफेल्सियाच्या नळीशी ताडून बघा, नातं दिसतं. पण एक वेगळेपण आहे, ते बघायला ब्लेड लागेल. एक फूल घ्या, ओल्या कापसावर आडवं ठेवा, नळीला वरपासून खालपर्यंत एक उभी चीर द्या आणि सुईच्या टोकानं ती उघडा. आत नळीच्या वरच्या भागाला चिकटलेले पुंकेसर दिसतील. धोतऱ्यात, वांग्यात, टोमॅटोत पाच असतात. इथे चार, दोन-दोनच्या जोड्यांनी. पुस्तकातल्या चित्रात हे चटकन लक्षात राहत नाही, पण एकदा सुईनं नळी उघडून मोजले की विसरायला होत नाही. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर हे त्याच्याकडून करवून घ्या, ब्लेड मात्र तुम्ही धरा.

रंग बदलणारी फुलं आपल्याला नवीन नाहीत. मधुमालतीचा वेल संध्याकाळी पांढरा उमलतो, मग गुलाबी होतो, मग लाल. तिचा प्रवास फिक्याकडून गडदाकडे, ब्रुनफेल्सियाचा गडदाकडून फिक्याकडे. खरा घोटाळा लसूणवेलीचा होतो, कारण तीही जांभळ्याकडून पांढुरक्या रंगाकडे जाते आणि तिच्यावरही तिन्ही छटा एकत्र दिसतात. छाटून छाटून झुडपासारखी ठेवलेली लसूणवेल फोटोत मलाही क्षणभर फसवते. तिथे पुन्हा पानाकडेच यायचं. समोरासमोर, आणि चुरडलं की लसूण.

फुलं नसताना ओळखायची वेळ आली तर मी खरंच सांगते, खात्री देता येत नाही, अंदाज बांधता येतो. वाढ सावकाश, बुंध्यापासूनच फुटलेल्या अनेक काड्या, उंची बहुधा माणसाच्या छातीपर्यंत, जुनं झाड डोक्याच्या वर. थंडीत पानांवर जांभळट झाक येते आणि बहराच्या आधी थोडी पानं गळून झाड विरळ होतं. माघ संपता संपता या विरळ फांद्यांच्या शेंड्यांना टोकदार कळ्या दिसायला लागतात. बोअरचं जड पाणी घालणाऱ्यांकडे पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसतं. पुष्कळदा लोक त्याला वेगळी ‘चितकबरी’ जात समजतात. जात तीच असते. मातीत लोह असूनही जड पाण्यानं ते मुळांना उचलता येत नाही. शेणखत, पालापाचोळ्याचं आच्छादन आणि पावसाचं साठवलेलं पाणी दिलं की नवी पानं हिरवी येतात. दुपारच्या उन्हाचा मारा लागणारी जागा त्याला सोसत नाही, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली असेल तिथे ते सुखात राहतं. मुख्य बहर फेब्रुवारी-मार्चचा, पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा थोडी फुलं येतात.

आता ब्रुनफेल्सियातली नेमकी जात कोणती, हे ज्यांना हवं असेल त्यांच्यासाठी. नर्सरीच्या पाट्यांवर तीन-चार नावं फिरतात आणि त्यांतली काही एकाच झाडाची जुनी-नवी नावं आहेत. ‘कॅलिसिना’ लिहिलेलं असेल तर ते ‘पॉसिफ्लोरा’चंच जुनं नाव. ‘हॉपियाना’ लिहिलेलं असेल तर ती ‘युनिफ्लोरा’. पॉसिफ्लोराची फुलं मोठी, शेंड्याला घोसानं येतात. युनिफ्लोराची बहुधा एकेकटी. ऑस्ट्रॅलिस म्हणून जी आहे ती दक्षिण ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना या भागातली, फुलं पॉसिफ्लोरापेक्षा लहान, वास चांगला. ‘पॉसिफ्लोरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘थोड्या फुलांची’. मार्चमधलं लगडलेलं झाड बघून या नावावर विश्वास बसत नाही. आणि ‘अमेरिकाना’ ही आणखी एक, तिचं फूल पांढरं उमलून पिवळसर होतं आणि वास रात्री सुटतो. तिच्यात जांभळा रंग नाहीच. घरगुती ओळखीसाठी ‘ब्रुनफेल्सिया’ एवढं पुरतं. पुढची खात्री करायची असेल तर फुलासकट हातभर फांदी वर्तमानपत्रात दाबून जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात न्या. तिथल्या लोकांना असा नमुना बघायला आवडतो, हे मी खात्रीनं सांगते.

या प्रजातीचं नाव ज्याच्यावरून पडलं तो ओटो ब्रुनफेल्स सोळाव्या शतकातला जर्मन माणूस. १५३० साली त्यानं वनस्पतींवरचा ग्रंथ छापायला सुरुवात केली. त्यातली चित्रं हान्स वाइडित्सनं काढली होती, आणि ती जुन्या पोथ्यांवरून उतरवलेली नव्हती. समोर खरी झाडं ठेवून काढलेली होती. किडीनं खाल्लेलं पान असेल तर खाल्लेलं, मान टाकलेलं फूल असेल तर मान टाकलेलं. ब्रुनफेल्सनं ब्राझीलचं हे झाड कधी पाहिलं नाही, नाव पुढच्यांनी त्याच्या सन्मानार्थ दिलं. पण मला त्या नावाचा आनंद वाटतो. प्रयोगशाळेत मुलांनी पुस्तकातलं सुबक चित्र उतरवून आणलं की आमचे सर ते परत करायचे आणि टेबलावरच्या फांदीकडे बोट दाखवायचे.

शेवटची गोष्ट ओळखण्याशी थेट जोडलेली आहे आणि ती मला फार जवळून बघावी लागली. आमच्या शेजाऱ्यांकडे हेच झाड होतं. ज्या नर्सरीतून त्यांनी ते आणलं तिथे त्यांना ‘विलायती कोरांटी’ म्हणून दिलं होतं. मी भिंतीवरून रोज ते झाड बघायची आणि धरून चालले होते की त्यांना नाव माहीत आहे. मे महिन्यात त्यांनी छाटणी केली, फांद्या अंगणाच्या कोपऱ्यात रचल्या. त्यांवर काही फळं धरलेली होती, लहान, गोल, टणक. त्यांचं पाच महिन्यांचं पिल्लू, शेरू, दुपारभर त्या ढिगाशी खेळत होतं. संध्याकाळी ते ओकायला लागलं, तोंडातून लाळ, मग अंग थरथरायला लागलं आणि पाय काठीसारखे ताठ झाले. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? ते म्हणाले, कोरांटीच्या फांद्या चघळत होता. कोरांटीनं असं होत नाही, म्हणून डॉक्टर उंदराच्या औषधाचा, कुणी घातलेल्या विषाचा शोध घेत राहिले. त्यात तासभर गेला. मग त्यांच्या सूनबाईंनी मला फोन केला, ‘‘काकू, ते आपल्या भिंतीजवळचं झाड नक्की कोणतं हो?’’

ब्रुनफेल्सियाचे सगळेच भाग कुत्र्यांना विषारी आहेत, फळं आणि बिया विशेष. ओकाऱ्या, लाळ, थरथर, अंग ताठणं, झटके, ही लक्षणं कुचल्याच्या विषबाधेसारखी दिसतात. नाव कळल्यावर डॉक्टरांना दिशा मिळाली, त्यांनी झटके आटोक्यात आणले, सलाईन लावलं, आणि शेरू चौथ्या दिवशी घरी आला. आता तो चांगला दांडगा झालाय. पण तो तासभर मला अजून लागतो. रोज बघत होते, एक शब्द सांगायचा होता, तो राहून गेला.

म्हणून झाड ओळखलंत की एवढं करा. घरात कुत्रं असेल तर छाटलेल्या फांद्या आणि खाली पडलेली फळं त्याच दिवशी उचला, आणि लहान मुलांनाही फळं तोंडात घालू देऊ नका. कुत्र्यानं काही चघळल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता एक फांदी पिशवीत घालून ती डॉक्टरांकडे सोबत न्या. शेजारीपाजारी, नातेवाइकांना काड्या दिल्यात तर काडीबरोबर नाव आणि ही सूचनाही द्या. मी वन्संना फोन करून हे सांगितलं तेव्हा कळलं, त्यांनी कोल्हापुरात आणखी नऊ घरांत काड्या दिल्यात. त्यांनी दोन दिवसांत नऊही घरांत फोन केले.

मला विचारायचं असेल तर फुलाचा वरून काढलेला एक फोटो पाठवू नका. हातभर फांदीचा पाठवा, पानं कशी लागलीत ते दिसेल असा. एक फूल बाजूनं, नळी आणि हिरवी टोपी दिसेल असं. आणि दोरा बांधलेल्या त्याच फुलाचे तीन सकाळचे तीन फोटो. पान चुरडल्यावर कसला वास आला तेही लिहा, कारण तो मला इथून घेता येत नाही.

माझ्या झाडाच्या बुंध्याला आता तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा एक तुकडा तारेनं अडकवलाय. त्यावर खिळ्यानं कोरून लिहिलंय: ब्रुनफेल्सिया, काल-आज-उद्या, कुत्र्यांना विषारी. रंगानं लिहिलेलं दोन पावसाळ्यांत पुसलं गेलं होतं, म्हणून या वेळी कोरलं.